टायगर, पँथर आणि बॅटरीचा हिशेब: हिटलरच्या सैन्याचे रणगाडे जगभरातल्या टेबलांवर कसे पोचले?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असा व्हिडिओ तुमच्यासमोर कधी ना कधी आला असेल. एक हात प्लास्टिकच्या चौकटीतून बारीक बारीक तुकडे कापून काढतो. ते चिकटवतो, रंग मारतो, मग मुद्दाम चिखल आणि गंज लावतो. शेवटी टेबलावर एक रणगाडा उभा राहतो, इतका खरा की फोटो क्रॉप केला तर युद्धातलाच वाटावा. आणि बरेचदा तो रणगाडा असतो जर्मन. टायगर, पँथर नाहीतर पँझर फोर.

हे सैन्य युद्ध हरलं. ज्या राजवटीसाठी ते लढलं, तिने साठ लाख ज्यूंची हत्या केली. तरीही मॉडेल किट्सच्या दुकानात सगळ्यात मोठं कपाट बहुतेक वेळा याच सैन्याच्या गाड्यांचं असतं. असं का, याचं उत्तर थोडं व्यवसायात आहे, थोडं जुन्या फोटोंमध्ये आणि थोडं युद्धानंतर सांगितल्या गेलेल्या गोष्टींमध्ये.

सुरुवात मात्र जपानमधल्या एका लाकडाच्या वखारीपासून करावी लागते.

१/३५ हा आकडा आला कुठून?

मॉडेलच्या खोक्यावर १/३५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे खऱ्या गाडीची लांबी भागिले ३५. टायगर रणगाडा तोफेच्या टोकापर्यंत सुमारे साडेआठ मीटर लांब होता, त्याचं १/३५ मॉडेल साधारण २४ सेंटीमीटरचं होतं. शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडं कमी. खऱ्या टायगरचं वजन ५७ टन होतं, मॉडेल एका हातात मावतं.

पण ३५ च का? ३० किंवा ४० का नाही? विमानांच्या मॉडेल्ससाठी १/७२ आणि १/४८ ही प्रमाणं वापरतात. त्यामागे फूट-इंचाचा सरळ हिशेब आहे: १/७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच, १/४८ म्हणजे चार फुटांचा एक इंच. ३५ मध्ये असा कुठलाच हिशेब बसत नाही.

टामिया ही कंपनी १९४६ मध्ये जपानच्या शिझुओका शहरात सुरू झाली, तीही लाकूड कापण्याचा कारखाना म्हणून. १९५१ मध्ये आगीत लाकडाचा साठा जळाला. त्यानंतर कंपनी हळूहळू लाकडी मॉडेल्सकडे आणि पुढे प्लास्टिककडे वळली. १९६० मध्ये आलेलं त्यांचं पहिलं प्लास्टिक मॉडेल होतं यामातो ही जपानी युद्धनौका. ते चाललं नाही.

त्यानंतर कंपनीने जर्मन पँथर रणगाडा काढला. त्या काळात मॉडेल म्हणजे चालणारं खेळणं, त्यामुळे आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात. संस्थापकांचे चिरंजीव शुनसाकु टामिया यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा रणगाडा आखला आणि मग मोजून पाहिलं तर प्रमाण १/३५ च्या आसपास निघालं. पँथर तुफान खपला. पुढचे रणगाडे त्याच मापात निघाले, मग सैनिकांच्या बाहुल्या त्याच मापात, मग इतर कंपन्यांनीही तेच माप उचललं. आज चीन, कोरिया, इटली, युक्रेन अशा सगळीकडच्या कंपन्या १/३५ मध्ये काम करतात. थोडक्यात, एका जागतिक मापाचं मूळ बॅटरीच्या आकारात आहे.

टामियाचे जुने साचे अजून वापरात आहेत. त्यातली काही किट्स आज घेतली तर रणगाड्याच्या पोटाखाली विनाकारण भोकं आणि खाचा दिसतात. नवशिक्यांना वाटतं तुकडा सदोष आहे. ती जागा खरं तर जुन्या मोटरच्या बटणाची असते.

शुनसाकु टामिया यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या अॅबर्डीन इथल्या लष्करी संग्रहालयात जाऊन तिथे उघड्यावर ठेवलेल्या जप्त रणगाड्यांचे भरपूर फोटो काढले. मॉडेल अंदाजाने करायचं नाही, खऱ्या गाडीवरून करायचं, ही पद्धत तिथून रुळली. पुढे पोर्शे ९११ चं मॉडेल करताना तर कंपनीने खरी पोर्शे विकत घेऊन सुटी केली होती. शुनसाकु टामिया यांचं २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी निधन झालं.

खोक्यात नेमकं काय असतं?

पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या चौकटी. पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरून त्या काढतात. चौकटीला सगळे सुटे भाग लटकलेले असतात, त्याला स्प्रू म्हणतात. सोबत क्रमाक्रमाने जोडणी दाखवणारी पुस्तिका आणि डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे क्रमांक आणि चिन्हं. महागड्या किटमध्ये पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेल्या जाळ्या आणि कड्याही येतात. रंग आणि ग्लू बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात, हे पहिल्यांदा किट मागवणाऱ्याला घरी खोकं उघडल्यावर कळतं.

हा ग्लू फेव्हिकॉलसारखा नसतो. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे अक्षरशः एकजीव होतात. त्यामुळे चूक झाली की सोडवणं कठीण.

खऱ्या गाडीची रचना किती अवघड होती, हे मॉडेल जोडताना कळतं. टायगरची चाकं एकमेकांमध्ये गुंतलेली, पत्त्यांसारखी एकावर एक. वजन विभागलं जावं म्हणून जर्मन अभियंत्यांनी ती तशी बसवली. रशियाच्या थंडीत या चाकांमध्ये चिखल अडकून गोठायचा. आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची चाकं आधी उतरवावी लागायची. मॉडेल करणाराही तिथेच अडकतो, कारण बाहेरची चाकं चिकटवली की आतल्यांपर्यंत ब्रश पोचत नाही. टायगरच्या एका बाजूच्या पट्ट्यात ९६ कड्या होत्या. एकेक कडी सुटी देणारं किट घेतलं तर दोन्ही बाजू मिळून १९२ वेळा तेच काम. काही लोकांना यातच मजा येते.

पण जर्मनच का?

पहिलं कारण कंपन्यांच्या ताळेबंदात आहे. साचा बनवणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च. जर्मन सैन्याने एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या गाड्या बांधल्या. पँझर फोरचा खालचा भाग घ्या. त्यावरच रणगाडाभेदी याग्डपँझर, जाड चिलखताची ब्रुमबेअर, विमानविरोधी विर्बेलविंड अशा कितीतरी गाड्या झाल्या. कंपनीने चाकं आणि खालचा सांगाडा एकदा साच्यात घातला की वरचा भाग बदलून नवं किट काढता येतं. पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेल्या एसडीकेएफझेड २५१ या गाडीचे तर वीसहून जास्त अधिकृत प्रकार होते. युद्धकाळात हा प्रकार जर्मनीला जड गेला. सुटे भाग, दुरुस्ती, प्रशिक्षण सगळ्याचाच गोंधळ. मॉडेल कंपन्यांसाठी मात्र तीच सोन्याची खाण आहे.

दुसरं कारण रंग. अमेरिकन रणगाडे बहुतांश एकाच हिरवट रंगाचे, रशियनही तसेच. जर्मन गाड्या सुरुवातीला गडद करड्या होत्या, आफ्रिकेत वाळूच्या रंगाच्या झाल्या आणि फेब्रुवारी १९४३ पासून कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात बाहेर पडू लागल्या. त्यावर हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे मारायचं काम तुकड्यांवर सोपवलेलं होतं. रंगाची लगदी पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून सैनिक जमेल तसे पट्टे ओढत. त्यामुळे दोन गाड्या सारख्या दिसत नाहीत, आणि एअरब्रश हातात असलेल्या माणसाला मोकळं रान मिळतं.

या रंगांवरून हौशी मंडळी किती भांडू शकतात याची बाहेरच्याला कल्पना येणार नाही. १९३९-४० मधले जर्मन रणगाडे निव्वळ करडे होते असं अनेक दशकं मानलं जात होतं आणि सगळे तसेच रंगवत होते. नंतर अभ्यासकांनी जुने लष्करी आदेश शोधले, तेव्हा कळलं की त्या गाड्यांवर करड्याबरोबर तपकिरी रंगही होता. कृष्णधवल फोटोत गडद करडा आणि गडद तपकिरी सारखेच दिसतात, म्हणून तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

इथे तिसरं कारण येतं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे: फोटो. जर्मन सैन्यासोबत प्रचार तुकड्या असायच्या. त्यात प्रशिक्षित छायाचित्रकार आणि कॅमेरामन होते. खालून घेतलेला कोन, पुढे रोखलेली तोफ, बुरुजातून अर्धा बाहेर आलेला देखणा कमांडर. ही चित्रं जर्मन जनतेला युद्ध जिंकत असल्याचं दाखवण्यासाठी काढली होती. आज तेच फोटो मॉडेल करणाऱ्यांचा मुख्य संदर्भ आहेत आणि खोक्यावरची चित्रंही त्याच धाटणीची असतात. प्रचाराचा हेतू संपला, पण नजर तीच राहिली.

युद्धानंतर आठवणी लिहिणारे जर्मन सेनानी हेही एक कारण. हाइन्झ गुडेरियन यांचं आत्मचरित्र पन्नासच्या दशकात इंग्रजीत आलं आणि गाजलं. शीतयुद्ध सुरू झालं होतं, रशियाशी लढण्याचा अनुभव अमेरिकेला हवा होता, म्हणून अमेरिकन लष्कराच्या इतिहास विभागाने माजी जर्मन सेनाधिकाऱ्यांकडून शेकडो टिपणं लिहून घेतली. त्या कामाचं नेतृत्व फ्रांझ हाल्डर यांच्याकडे होतं, जे हिटलरच्या भूदलाचे माजी जनरल स्टाफ प्रमुख. या लिखाणातून एक चित्र तयार झालं: सैन्य व्यावसायिक आणि कुशल, चुका सगळ्या हिटलरच्या, अत्याचार सगळे दुसऱ्या कुणाचे. अमेरिकन इतिहासकार रोनाल्ड स्मेल्सर आणि एडवर्ड डेव्हिस यांनी २००८ मधल्या पुस्तकात हे चित्र अमेरिकन लोकसंस्कृतीत कसं मुरलं ते दाखवलं. त्यात त्यांनी लोकप्रिय पुस्तकांबरोबर युद्धखेळ आणि हौशी मंडळींचाही विचार केला आहे.

जे खोक्यात नसतं

कपाटातल्या किट्सवरून अंदाज बांधला तर वाटेल की जर्मन सैन्य म्हणजे टायगरांची रांगच. प्रत्यक्षात टायगर वन बनले अवघे १,३४७. त्यापुढचा किंग टायगर पाचशेच्याही आत. त्याच युद्धात अमेरिकेने सुमारे ४९ हजार शर्मन रणगाडे बांधले आणि रशियाचे टी-३४ पन्नास हजारांच्या वर गेले.

जर्मन सैन्याचा मोठा भाग घोड्यांवर आणि पायी चालत होता. जून १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावर हल्ला केला तेव्हा त्यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास रणगाडे होते आणि घोडे सहा लाखांहून अधिक. तोफा, दाणागोटा, जखमी सैनिक हे सगळं घोडागाडीवर. घोडागाड्यांची किट्सही बाजारात आहेत, काही सुंदर आहेत. पण रील्समध्ये त्या क्वचितच दिसतात.

या गाड्या कुणी बांधल्या हेही खोक्यावर नसतं. क्युबेलवागन ही जर्मन सैन्याची जीप. दिसायला गोड, जोडायला सोपी, म्हणून नवशिक्यांच्या आवडीचं किट. अशा सुमारे ५० हजार गाड्या फोक्सवागनच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. त्या कारखान्यात युद्धकाळात सुमारे २० हजार माणसांना सक्तीने राबवलं गेलं. त्यात पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशातून पकडून आणलेले लोक होते, युद्धकैदी होते आणि छळछावण्यांमधले कैदीही होते. फोक्सवागनने स्वतः हा इतिहास तज्ज्ञांकडून लिहून घेतला आहे आणि १९९८ मध्ये पीडितांसाठी निधीही उभारला. टायगर, पँथर बांधणाऱ्या कारखान्यांतही सक्तीचे मजूर होते.

खोक्यावर एखाद्या रणगाडा कमांडरचं नाव असेल तर आणखी काळजीपूर्वक बघावं लागतं. मिखाएल विटमानच्या टायगरची किट्स अनेक कंपन्यांनी काढली आहेत. १३ जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या व्हिलर-बोकाज गावात त्याने केलेला हल्ला लष्करी इतिहासात प्रसिद्ध आहे. तो वाफेन-एसएसचा अधिकारी होता. न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालात एसएस ही गुन्हेगारी संघटना ठरवण्यात आली. पुस्तिकेत चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये सापडते, हे वाक्य सहसा सापडत नाही.

मग मॉडेल करणारे सगळे नाझीप्रेमी का? अजिबात नाही. बहुतेकांना यंत्र, रंग आणि हाताने करण्याच्या कामाची ओढ असते. तेच लोक पुढच्या महिन्यात शर्मन किंवा ट्रॅक्टरही जोडतात. मात्र या छंदाच्या काठावर जर्मन सैन्याचं अतोनात कौतुक करणारा एक गट कायम असतो. इंटरनेटने त्यांना ‘वेहराबू’ असं टोपणनाव दिलंय. वेहरमाख्ट हे जर्मन सैन्याचं नाव आणि जपानी गोष्टींचं वेड असलेल्यांसाठीचा ‘वीआबू’ हा शब्द, दोन्ही जोडून.

चिन्हाचं काय करायचं?

जर्मनीच्या दंडसंहितेतलं कलम ८६अ नाझी पक्षासारख्या बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं सार्वजनिकरीत्या वापरायला आणि पसरवायला मनाई करतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. कला, संशोधन, शिक्षण यांना सवलत आहे, म्हणून संग्रहालयात खरं चिन्ह दिसू शकतं. खेळणं किंवा मॉडेल त्या सवलतीत सहज बसत नाही.

म्हणून कंपन्यांनी पळवाटा काढल्या. खोक्यावरच्या चित्रातून चिन्ह पुसायचं. डिकल शीटवर ते द्यायचंच नाही, किंवा दोन अर्धवट तुकड्यांत छापायचं. ते तुकडे एकत्र चिकटवायचे की नाही हे विकत घेणाऱ्यावर सोडायचं. विमानांच्या किट्समध्ये हा प्रश्न जास्त येतो, कारण शेपटीवर नाझी चिन्ह असायचंच. रणगाड्यांवर मुख्यतः काळा-पांढरा सरळ क्रॉस असे. त्याच्यावर बंदी नाही.

भारतात असा कायदा नाही. आपल्याकडे किट उघडल्यावर घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: ‘हे तर आपलं स्वस्तिक!’ नाझींचं चिन्ह जर्मन भाषेत हाकेनक्रॉइझ, म्हणजे आकड्यांचा क्रॉस. त्यांच्या ध्वजावर ते पांढऱ्या वर्तुळात, काळं आणि ४५ अंशांत तिरकं असे. उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी त्याचा धार्मिक संबंध नाही, पण आकाराचं साम्य आहे, आणि जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याची जाणीव ठेवावी लागते.

जे यान कधी उडालंच नाही

२०१८ मध्ये हा विषय वेगळ्याच वळणावर गेला. रेव्हेल या कंपनीच्या जर्मन शाखेने ‘हाउनेबू २’ नावाचं उडत्या तबकडीचं किट काढलं. हे नाझींचं गुप्त यान होतं अशी कटकारस्थानवाल्यांची जुनी दंतकथा आहे. असं कुठलंही यान नव्हतं. पण किटच्या वर्णनात ते ताशी ६,००० किलोमीटर वेगाने जाऊ शकत होतं अशी माहिती खरी असल्यासारखी दिली होती. ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयाने आणि जर्मनीतल्या बालसंरक्षण संघटनेने आक्षेप घेतला: मुलांना वाटेल की नाझींकडे खरंच असं अफाट तंत्रज्ञान होतं. कंपनीने चूक मान्य केली आणि किट मागे घेतलं.

हे प्रकरण टोकाचं होतं, पण कागदावरच राहिलेल्या जर्मन गाड्यांची किट्स आजही सर्रास निघतात. राटे नावाचा १,००० टनांचा रणगाडा १९४३ मध्येच रद्द झाला. त्याचंही मॉडेल मिळतं. जाणकार खरेदीदाराला हे ठाऊक असतं. दहावीतल्या मुलाला रीलमध्ये ते दिसलं तर खालच्या कमेंट्स वाचून फरक कळेलच असं नाही.

याच बाजारात आज मिनीआर्ट आणि आयसीएम या दोन मोठ्या कंपन्या आहेत, दोन्ही युक्रेनची राजधानी कीव्हमधल्या. २०२२ पासून रशियाचे हल्ले सोसत त्या किट्स काढत आहेत, त्यात जर्मन गाड्याही असतात. हे शहर १९४१ ते १९४३ जर्मन ताब्यात होतं. तिथल्या बाबीन यार या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. हा आकडा मारेकऱ्यांनीच आपल्या अहवालात नोंदवला होता.

आपल्याकडे हा छंद महाग का?

कारण जवळपास सगळी किट्स आयात होतात, आणि कस्टम्सच्या यादीत स्केल मॉडेल्स खेळण्यांच्याच गटात येतात. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण म्हणून या गटावरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आलं. त्यामुळे पुण्या-मुंबईतली हौशी मंडळी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेवर डोळा ठेवून असतात.

मराठी माणसाचा या गाड्यांशी संबंध टेबलावरचा नव्हे, समोरासमोरचा आहे. इटलीत जर्मन सैन्याशी लढताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी सगळे सोबती पडल्यावर एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर धाव घेतली. त्यात त्यांना वीरमरण आलं. अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी दोन जखमींना गोळीबारातून बाहेर काढलं, मग मशिनगनचे मोर्चे बंद पाडले. ते वाचले.

जर्मन चिलखती गाडी पूर्ण आकारात बघायची असेल तर जाधव यांच्याच जिल्ह्यात जाता येतं. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जगभरातल्या रणगाड्यांसोबत दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन चिलखती गाडीही आहे. हे संग्रहालय १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे. टायगर मात्र तिथे नाही. स्वतःच्या इंजिनावर चालणारा टायगर वन जगात एकच उरला आहे, १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडलेला टायगर १३१. तो इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे आणि २०१४ च्या ‘फ्युरी’ या हॉलिवूडपटातही दिसला होता. टायगरचं मॉडेल करणारे एखादी कडी किंवा खिळा नेमका कुठे होता यावरून भांडू लागले की शेवटी फोटो काढला जातो तो याच रणगाड्याचा.